गोळ्या, कॅप्सूल आणि हळदीकुंकू

कुरुळी,
१२ जानेवारी २०२५

ती. सौ. ताईस,
वर्षालीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नकोस. पुनावळ्याहून कुरुळी काही परदेशात नाही आणि फोन माझ्याकडेही आहे. पण आमच्या घरात फोनला रेंज येते ती फक्त दारापुढच्या ओट्यावर, आणि ओट्यावर सासूबाई. भाडेकरूंच्या खोल्या, गोठ्यातल्या गाई आणि माझा फोन, या तिन्हींवर त्यांचं सारखंच लक्ष असतं. फोन वाजला की म्हणतात, स्पीकरवर टाक, मलाबी ऐकू दे. मेसेज लिहावा तर आमचा नवरोबा प्रज्वल माझ्याच फोनवर क्रिकेट बघत बसतो. पत्राचं तसं नाही. दुसऱ्याचं पाकीट फोडणं म्हणजे महापाप, असं सासूबाईंचं ठाम मत आहे. म्हणून तूही नीट चिकटवून उत्तर पाठव.

आधी बरी बातमी. कंपनीत आमचे सुपरवायझर बुद्धरत्न सर म्हणाले की नव्या लाइनवर लाइन लीडर म्हणून माझं नाव द्यायचं त्यांच्या मनात आहे. गाड्यांच्या वायरी बांधता बांधता तुझी बहीण आता वीस बायकांना बांधून ठेवणार! पण ताई, मी त्यांना नाही म्हणणार आहे. कदाचित नोकरीच सोडेन.

कारण लिहायला हात धजत नाही, तरी लिहिते. दिवाळीपासून माझ्या अंगावरून पांढरं जातंय. पातळ, राखाडी, आणि त्याला वास येतो, मासळीबाजारातून जाताना येतो तसा. खाज नाही, दुखत नाही, नुसता वास. मी सारखी धुते. आधी साबणाने धुवायची, आता जंतुनाशक पाण्यात घालून धुते. तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि मग दुप्पट होतं. चाकणच्या मेडिकलमध्ये चार पुरुष उभे होते म्हणून कागदावर लिहून दाखवलं. त्याने थोड्या गोळ्या दिल्या. वास गेला. पेढे वाटायचे तेवढे बाकी होते, तर पुढच्या पाळीनंतर स्वारी परत हजर.

लाइनवर माझ्या शेजारी स्वप्नाली बसते. मागच्या आठवड्यात तिने तिचं स्टूल पलीकडे सरकवलं. त्या दिवसापासून मी जेवायला कॅन्टीनमध्ये बसत नाही. कंपनीची बस कांदाबाजाराजवळून जाते तेवढा वेळच काय तो मी निवांत असते, कारण तिथे सगळ्यांच्याच नाकाला रुमाल असतो. प्रज्वलपासूनही लांब झोपते. पाठ दुखते म्हणून सांगते. त्याचा चेहरा बघवत नाही.

मी काय घाण केली असेल गं? की त्याच्याकडून काही आलं असेल? असं मनात येतं आणि मग त्याचीही लाज वाटते. तूच सांग.

निरंजनभावजींना नमस्कार. या रडगाण्याने तुझी माया आटू देऊ नकोस.

तुझी,
वर्षाली

---

पुनावळे,
१६ जानेवारी २०२५

चि. सौ. वर्षूस,
अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

आशीर्वाद लाइन लीडरसाठी, धपाटा दिवाळीपासून गप्प बसल्याबद्दल. लहानपणी बोटाला काटा टोचला तरी अख्खं लातूर गोळा करणारी तू, आणि आता तोंडाला कुलूप? नोकरी सोडण्याचं खूळ आधी डोक्यातून काढून टाक. आणि ते जंतुनाशक आजच्या आज मोरीच्या मागे ओतून दे. मी डॉक्टर नाही, पण ज्याने दुप्पट होतंय ते रोज करत राहायचं, हा कुठला शहाणपणा?

आमच्या सोसायटीसमोर डॉ. अलमास बागवान यांचा दवाखाना आहे. बायकांच्याच डॉक्टर. त्यांची मुलगी माझ्या शिकवणीला येते. तुझं नाव न घेता विचारलं, तर म्हणाल्या, तपासल्याशिवाय काही सांगणार नाही, पण अशा बायका रोज येतात. रोज, वर्षू! म्हणजे तुझ्यासारख्या किती जणी कुठे कुठे स्टूल सरकलेलं बघून रडत असतील.

गुरुवारी तुला सुट्टी असते, तेव्हा २३ तारखेची वेळ घेतली आहे. सासूबाईंना सांग, ताईकडे हळदीकुंकू आहे. संक्रांतीचे दिवस आहेत, कुणाला शंका येणार नाही. माझ्याकडे हळदीकुंकू नाही, पण तुला वाण म्हणून एक डबा देईन, म्हणजे पुरावाही झाला.

निरंजन हल्ली व्हिडिओ बघून स्वयंपाक करतात. परवा वांग्याचं काहीतरी इटालियन केलं होतं. आम्ही ते मुकाट्याने खाल्लं. तू आलीस की तुलाही वाटेकरी करून घेऊ.

येतेस ना? न येऊन माझ्या प्रेमाची परीक्षा पाहू नये.

तुझी,
ताई

---

कुरुळी,
२५ जानेवारी २०२५

ती. सौ. ताईस,
शि. सा. न., आणि कान धरून माफी.

गुरुवारी सासूबाई जरीची साडी नेसून माझ्याआधी दारात उभ्या राहतील, हे मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. म्हणाल्या, विजयश्रीबाईंकडं हळदीकुंकू हाय तर मीबी येते, पाव्हण्यांचं घर बघून लई दिवस झालं. तुला फोनवर "दोघी निघालोय" एवढंच सांगता आलं. तुझ्या तोंडून जो आवाज निघाला तो स्पीकरवर सगळ्या ओट्याने ऐकला.

निघताना तुझ्याशी दोन शब्द बोलायची सोय नव्हती, म्हणून दवाखान्यातलं आता सांगते. मी खुर्चीत बसले आणि रडायलाच लागले. डॉक्टरांनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि माझं संपेपर्यंत थांबल्या. मग तपासलं. दुखलं नाही. एका कागदाच्या पट्टीचा रंग बघितला, काचेवर थोडं घेऊन सूक्ष्मदर्शकातून पाहिलं आणि म्हणाल्या, याला बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात. नाव एवढं भारदस्त की मला वाटलं, संपलं सगळं. त्या हसल्या. म्हणाल्या, आत चांगले जिवाणू असतात, ते तिथली आंबटाई राखतात. ते कमी झाले की दुसरे माजतात आणि वास येतो. अस्वच्छतेने होत नाही. उलट आतून धुऊन धुऊन चांगलेच आधी मरतात. म्हणजे मी इतके महिने स्वतःच्याच माणसांवर बंबाने पाणी मारत होते!

मी प्रज्वलचंही विचारलं. त्या म्हणाल्या, कुणाच्या वागण्यावर संशय घ्यावा असा हा आजार नाही. आधी तुमचं औषध नीट होऊ दे. मेडिकलवाल्याच्या गोळ्या याच जातीच्या होत्या, पण कोर्स अर्धवट झाला. आता सोमवारी दुकानात गोळ्या आल्या की पूर्ण आठवडा, सकाळ-संध्याकाळ, जेवल्यावर. बरं वाटलं तरी थांबवायचं नाही.

शिवाय एक प्रोबायोटिक कॅप्सूल दिली आहे, चांगल्या जिवाणूंची. ती गोळीबरोबर नाही, दोन-अडीच तासांनी घ्यायची आणि कोर्स संपल्यावरही महिनाभर चालू ठेवायची. मी धीटपणे विचारलं की ही खरंच लागते, की आपली उगाच? त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, आजार उतरवते ती गोळी. कॅप्सूल जोडीला घेतली तर परत उलटण्याचं प्रमाण कमी होतं असं काही अभ्यासांत दिसलंय, काहींत तसं दिसलं नाही. अपाय सहसा नाही, म्हणून मी देते. पण गोळीऐवजी कॅप्सूल घेऊन बसलात तर माझ्याकडे परत यावं लागेल. आमच्याकडे घरचं दही ढीगभर असतं, ते चालेल का, असंही विचारलं. दही खुशाल खा, पोटाला चांगलं, पण ते औषध नव्हे, आणि कुणी काही सांगितलं तरी आत लावायचं नाही. कुणीतरी लावून आलं असणार, त्याशिवाय इतक्या ठासून बोलल्या नसत्या.

दवाखान्यातून बाहेर पडले तेव्हा रस्त्यावरचा ट्रॅफिकसुद्धा मला सुंदर दिसला. तिकडे तुझ्या घरी काय झालं ते सविस्तर लिही. सासूबाई वाटेत सारख्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, त्याची धास्ती आहे.

तुझ्या मायेची कायमची भाडेकरू,
वर्षाली

---

पुनावळे,
२९ जानेवारी २०२५

चि. सौ. वर्षूस,
आशीर्वाद. धपाटा या वेळी मलाच बसला.

तुझा फोन ठेवला आणि मी चार मजले धावत सुटले. ज्या घराचं दार उघडलं त्या घरातल्या बाईला सांगितलं, तासाभरात माझ्याकडे हळदीकुंकवाला या, कारण विचारू नका. वरच्या मजल्यावरच्या नजमुन्निसाचाचींना तर मी घाईघाईत हळदीकुंकू म्हणण्याऐवजी बारसं म्हणून आले. त्या बिचाऱ्या बाळासाठी झबलं घेऊन आल्या आणि मग तिळगूळ खात मजेत बसल्या. वाण म्हणून द्यायला घरात काही नव्हतं. निरंजननी त्यांच्या ऑफिसात मिळालेल्या पाण्याच्या बाटल्या काढून दिल्या. त्यांच्यावर कंपनीचं नाव होतं, ते मी हळदीकुंकवाच्या बोटांनी झाकत वाटल्या.

तुझ्या सासूबाई मात्र दाराजवळच बसल्या. मी सोफ्यावर या म्हणून किती विनवलं, तर म्हणाल्या, हितंच बरं हाय, वारा लागतो. तू बराच वेळ दिसली नाहीस तेव्हा त्यांनी विचारलं, वर्षाली कुटं गेली? मी म्हटलं, टेलरकडे ब्लाऊजचं माप द्यायला. त्यांनी खिडकीतून खाली पाहिलं. समोर दवाखान्याची पाटी, टेलरचं दुकान कुठेच नाही. माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, माप द्यायला येळ लागतोच. एवढंच. मी त्यांच्या हातावर आणखी तिळगूळ ठेवला.

आता माझं ऐक. प्रज्वलला सांग. तो वाईट मुलगा नाही. काही न कळून माणूस जे मनात धरतो ते कळण्यापेक्षा वाईट असतं. आणि गोळ्यांचा कोर्स मधे सोडलास तर मी स्वतः कुरुळीला येऊन ओट्यावर बसेन, तुझ्या सासूबाईंच्या शेजारी.

काळजीही करते आणि लोभही. दोन्ही घेऊन टाक.

तुझी,
ताई

---

कुरुळी,
५ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सगळं उघड झालं. घाबरू नकोस, छान झालं.

त्या गोळ्यांनी तोंडाला अशी चव येते, जणू दिवसभर जुनं नाणं चघळतेय. मळमळायचंही. कोर्स निम्म्यावर आला तेव्हा वास पार गेला होता, म्हणून मनात आलं, बास आता. पण तू ओट्यावर बसल्याचं चित्र डोळ्यांपुढे आलं आणि गिळली. नेमकी तेव्हाच गोळ्यांची पाकिटं सासूबाईंना माझ्या पर्समध्ये दिसली. त्या काही शोधत नव्हत्या, गाईच्या डॉक्टरला द्यायला सुटे हवे होते. त्यांना वाटलं, या मूल न होण्याच्या गोळ्या! प्रज्वल कामावरून येऊन चपला काढतोय तोवर त्यांनी पाकीट त्याच्यापुढे धरलं आणि म्हणाल्या, इचार तुझ्या बायकोला, आमाला नातवंड का न्हाई.

मग काय करणार? उभी राहिले आणि सगळं सांगितलं. दिवाळीपासूनचं, धुण्याचं, स्टुलाचं, दवाखान्याचं. खोट्या हळदीकुंकवाचंही. प्रज्वल खालीच बसला, एका पायात चप्पल तशीच. मला वाटलं आता काय म्हणतो. तर म्हणाला, मला वाटलं तुला माझा कंटाळा आला. तो मुद्दाम ओव्हरटाइम मागून घेत होता, घरी येऊन माझी पाठ बघायला नको म्हणून! आम्ही दोघं एकमेकांकडे बघून आधी रडलो आणि मग इतके हसलो की खोलीतल्या भाडेकरूने दार उघडून पाहिलं.

सासूबाई मात्र पाठ फिरवून गोठ्यात गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. मला वाटलं रागावल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यापुढे दह्याची ही मोठी वाटी. त्यानंतर रोज त्या अंगणातून ओरडायच्या, वर्षाली, गोळी घेतली का? आणि दोन तासांनी, ती दुसरी घेतली का, जंतूंची? आता सगळ्या चाळीला माझं वेळापत्रक पाठ आहे. कशाची गोळी ते कुणाला माहीत नाही. भाडेकरू तानुबाई म्हणते मला बीपी आहे.

कोर्स संपला, कॅप्सूल चालू आहे. आणि ऐक, धीर करून स्वप्नालीला विचारलं, स्टूल का सरकवलं होतंस? ती म्हणाली, वरचा पंखा मानेवर येतो, मान आखडली होती. तिला कसला वास आलाच नव्हता! मी तिला कॅन्टीनमध्ये नेऊन वडापाव खायला घातला. का ते तिला कळलं नाही.

बुद्धरत्न सरांना होय म्हणून सांगितलं आहे.

ताई, तुझे उपकार मानत नाही, तुझ्यावर हक्कच सांगते.

तुझी,
वर्षाली

---

कुरुळी,
२० फेब्रुवारी २०२५

सौ. विजयश्रीबाईंस,
मंजुळाबाईचा रामराम. पोरीला तुमचा आन माझाबी आशीर्वाद हाय.

मी साक्षरता वर्गात लिवायला शिकले त्याला लई वर्सं झाली. आक्षर वाकडं हाय, समजून घ्या. वर्षाली कामावर गेली हाय. तिला हे पत्र ठावं न्हाई. तुमी माझं पाकीट तिला दाखवू नका, येवढा इस्वास हाय.

त्या दिशी तुमी टेलर म्हनला तवाच मी वळखलं. मला वाटलं पोरीला दिवस गेलं आन माझ्यापसनं लपवत्यात. मंग गोळ्या बघून वाटलं, मूल नगं म्हनून घेती, तवा वरडले. माझं चुकलं. पर तिनं समदं सांगितलं तवा मी गोठ्यात गेले ती रागानं न्हाई. मला रडू आलं व्हतं आन सुनंपुढं रडायचं न्हवतं.

मलाबी तरास हाय बाई. प्रज्वल झाला तवापसनं मधनंमधनं अंगावरनं जायचं. आता पाळी गेली तरी आग व्हती, खाजतं, बसवत न्हाई. माझी सासू म्हनायची, उष्णता हाय, तू बायकांत जाऊन बसू नगं, बरं दिसत न्हाई. तवापसनं मी कुटंबी गेले तरी दाराजवळ बसते. तुमच्या घरीबी बसले. तुमचा सोफा वंगाळ व्हता म्हनून न्हाई.

पोरीच्या पाकिटातली येक गोळी उचलून खावी असं मनात आलं व्हतं. पर तिचा कोरस आर्धा ऱ्हाईल म्हनून हात लावला न्हाई. आन माझा आजार तोच हाय का दुसरा, हे कुनी बघितलंय?

तर इचारायचं असं की तुमचा टेलर चांगला हाय का? मलाबी माप द्यायचंय. पोरीला आत्ता सांगू नका. मीच सांगंन, माझं मन झालं की.

येताना दही आनते. ह्या म्हातारीवर जीव असू द्या.

मंजुळाबाई

---

कुरुळी,
४ मे २०२५

ती. सौ. ताईस,
साष्टांग नमस्कार, या वेळी दोघींचा.

आईंनी मला काल सगळं सांगितलं. तू मार्चमध्ये त्यांना डॉक्टरांकडे नेलंस, आणि आजपर्यंत तोंडातून अवाक्षर काढलं नाहीस! तुझ्या पोटात काही राहत नाही असं मी लहानपणापासून म्हणत आले, ते मागे घेते.

आधी माझं. एप्रिलमध्ये परत थोडा वास आला. पण या वेळी ना धुतलं, ना रडले. सुट्टीच्या दिवशी सरळ दवाखाना गाठला. डॉक्टर म्हणाल्या, हा आजार काहीजणींत परत येतो, कॅप्सूल घेतली म्हणजे येणारच नाही अशी खात्री त्यांनी दिली नव्हतीच. मला पुन्हा औषध दिलं. आणि म्हणाल्या, नवऱ्यालाही जोडीने औषध दिलं तर उलटणं कमी होतं असं आता दिसलंय, तो तयार असेल तर घेऊन या. मला वाटलं प्रज्वल नाक मुरडेल. तो म्हणाला, गोळीच आहे ना, द्या. मग तिसऱ्या दिवशी चहात साखर घालून घालून थकला आणि म्हणाला, तू हे आठवडाभर कसं काढलंस गं? त्या दिवसापासून माझा मान घरात फार वाढला आहे. आता सगळं ठीक आहे. ओव्हरटाइम बंद. म्हणजे त्याचा, माझा सुरू, कारण लाइन लीडरला उशीर होतोच. वीस बायका आहेत माझ्या हाताखाली. त्यांतली एक परवा कोपऱ्यात येऊन खालच्या मानेने विचारू लागली, मॅडम, तुमची ओळखीची कुणी डॉक्टर आहे का. मी तिला पत्ता दिला. कशासाठी हे तिला विचारलं नाही.

आता आईंचं. काल संध्याकाळी धारा काढताना त्या आपण होऊन बोलल्या. डॉक्टरांनी त्यांना तपासून सांगितलं की हा वर्षालीचा आजार नाही. पाळी थांबल्यावर आतली कातडी पातळ होते, कोरडी पडते, म्हणून आग होते. त्याला मलम आहे. आई आधी रुसल्याच होत्या म्हणे. सुनेला दोन दोन औषधं, ती जंतूंची कॅप्सूलसुद्धा, आणि मला नुसतं मलम? डॉक्टरांना म्हणाल्या, थोडी कॅप्सूल मलाबी घाला. त्यांनी समजावलं की औषध ज्याचं त्याला, देवळातल्या प्रसादासारखं वाटता येत नाही. महिन्यात आग गेली. आता सकाळी दुधाचा रतीब त्या स्वतः घालून येतात, चालत.

हे सगळं सांगताना त्यांचे हात थांबले नव्हते. मग एकदम थांबले. म्हणाल्या, त्या डॉक्टरबाईंनी विचारलं की आजी, कधीपासून त्रास होतोय, आणि पेन खाली ठेवून उत्तराची वाट बघत बसल्या. आईंना वाटलं, दुसऱ्याच कुणाला विचारतायत. त्यांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं. मागे कुणी नव्हतं. मला म्हणाल्या, वर्षाली, इतकी वर्सं मी वंगाळ हाय असं मला वाटत व्हतं, आन मी नुसती आजारी व्हते गं.

मग डोळे पुसून मला दटावलं की गाय आटवशील, गप उभी ऱ्हा.

पुढच्या गुरुवारी आम्ही दोघी येतोय. या वेळी काही कारण सांगून नाही, नुसत्याच, तुला भेटायला. भावजींना म्हणावं इटालियन वांगी करा, आईंना चाखायची आहेत.

अशीच आमची राहा.

तुझी,
वर्षाली